कमरेएवढी बाग

कोबीच्या वाफ्यात आडवी पडले तेव्हा मला काही फार वाईट वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. बसून तण काढत होते, पटकन उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय गेले. हाड मोडलं नाही, डोकं फुटलं नाही. फक्त उठवेना. मग तशीच पडून राहिले आणि कोबीच्या पानांखालच्या अळ्या मोजल्या. वरून कधी दिसल्या नव्हत्या, खालून सतरा निघाल्या.

शेजारच्या लाइनमनांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं तोवर तास उलटून गेला होता. विजेच्या खांबांवर चढण्या-उतरण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, एक गुडघा पार कामातून गेला, तरी गाव त्यांना लाइनमनच म्हणतं. माझ्या नवऱ्याचे ते दोस्त. नवरा गेला आणि ही दोस्ती माझ्या वाट्याला आली. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि रोज सकाळी सात वाजता आपापला चहाचा कप घेऊन आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहतो.

"पडलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. अळ्या मोजतेय."

"किती?"

"सतरा."

"माझ्याकडे एवढ्या नाहीत," ते म्हणाले, आणि मग लंगडत फाटकाकडे निघाले. मला उठवायला त्यांना आणि दूधवाल्याला मिळून पाच मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दारात हजर. तो शहरात असतो, पाच तासांच्या वाटेवर. मला घेऊन डॉक्टरकडे गेला, डॉक्टरांशी माझ्याबद्दल माझ्यासमोर असा बोलला की जणू मी दुरुस्तीला आणलेला पंखा आहे. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "आई, आता तू माझ्याकडे येतेस."

"येत नाही."

"डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय. बाग म्हणजे वाकणं आलंच. मग इथे राहून करणार काय?"

"तुझ्याकडे येऊन काय करणार?"

"आराम."

त्याचं घर मी पाहिलंय. चौथा मजला, खिडकीत एक कुंडी, तिच्यात एक रोपटं आणि त्या रोपट्याला पाणी घालायचं लक्षात राहावं म्हणून फोनवर वाजणारी घंटी. चाळीस वर्षं मी गावाचे कपडे शिवले. अर्ध्या गावाच्या कमरेची मापं आजही तोंडपाठ आहेत. असल्या बाईने त्या खिडकीत बसून त्या कुंडीकडे बघत मरायची वाट पाहायची, याला हा आराम म्हणतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही दोघंही हट्टी. बोलता बोलता आवाज चढले आणि शेवटी त्यानेच तोडगा काढला. तीन महिने. तीन महिन्यांत बागेत मी एकदाही वाकायचं नाही. नाही वाकले तर राहायचं इथेच, तो पुन्हा विषय काढणार नाही. वाकले तर सामान बांधायचं आणि मुकाट्याने गाडीत बसायचं. मी रागाच्या भरात "बरं" म्हणून बसले. राग माझा जुना शत्रू आहे, तो मला नेहमी असल्याच जागी नेऊन सोडतो.

"आणि मी वाकले की नाही हे तुला कळणार कसं?" मी विचारलं.

मुलगा उठून कुंपणाशी गेला. "काका, रोज संध्याकाळी सहाला मी फोन करीन. तुम्ही एवढंच सांगायचं, आई वाकली का."

लाइनमनांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "विचारशील ते सांगीन," ते म्हणाले.

मी निर्धास्त होते. भाऊजी आपले. दुसऱ्याच दिवशी कांद्याच्या वाफ्यातलं थोडं गवत उपटलं. सहाला त्यांचा फोन वाजला, आणि उघड्या खिडकीतून मला स्वच्छ ऐकू आलं, "हो. दोनदा."

मुलाने पहिला दिवस म्हणून सोडून दिलं. उद्यापासून मोजणार, म्हणाला. मी मात्र भाऊजींना सोडलं नाही. चार दिवस बोलले नाही. आता आमच्या सकाळच्या बोलण्यात असतं काय, तर त्यांचा गुडघा, माझं ब्लडप्रेशर, वारा, ढग आणि कोणाच्या झाडाला काय लागलंय ते. पण ते न बोलता दिवस सुरू होत नाही, हे मला त्या चार दिवसांत कळलं. पहिल्या दिवशी मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी मांजरीला मोठ्याने सांगितलं की आज माझं ब्लडप्रेशर चांगलं आहे. तिकडून लाइनमन स्वतःच्या टोमॅटोला म्हणाले की गुडघा ठणकतोय, दुपारपर्यंत वारा सुटणार. दुपारी वारा सुटला.

पाचव्या दिवशी ते सरळ फाटक उघडून आत आले.

"वहिनी, मी तारेला हात लावून पाहिल्याशिवाय कधी लाइन ठीक आहे असं लिहिलं नाही. पस्तीस वर्षं. एकदा खोटं लिहिलं असतं तर कोणीतरी खांबाला चिकटून मेलं असतं. मला खोटं बोलता येत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर राग येतो."

"पण पोराने फक्त एकच गोष्ट विचारलीय. तुम्ही वाकलात का. न वाकता तुम्ही काय काय करता, हे त्याने विचारलेलं नाही."

मग त्यांनी आपल्या शेडकडे हात केला. तिथे तारांची लाकडी रिळं पडली होती, दोन माणसांनी मिळून ढकलावी लागतात तसली. आडवी ठेवली की एकेक रीळ म्हणजे गोल टेबल.

"जमीन खाली आहे म्हणून वाकावं लागतं," लाइनमन म्हणाले. "ती वर आणू."

त्या दिवसापासून आम्ही जमीन वर आणायला लागलो. माझ्या शिलाई मशीनचे दोन लोखंडी पाय माळ्यावर पडून होते, ते आले. जुन्या कपाटाचे पाच खण निघाले, त्यांच्या तळाला भोकं पाडली. पत्र्याची टाकी आली, मोडक्या पलंगाची चौकट आली. मी टेप घेऊन स्वतःच्या कमरेची उंची घेतली, बागेतले बूट घालून, आणि एकेक टेबल त्या मापाला बसवलं. अर्धा इंच कमी भरलं तर विटा घालायला लावल्या. लाइनमन म्हणाले, ही काय शेरवानी आहे का. मी म्हटलं, माप ते माप.

माती भरायचं काम त्यांच्याकडे. मला वाकायची बंदी, त्यांना ओझं घेऊन चालायची चोरी. ते अर्धी बादली भरून दोन पावलं आणायचे, मी ती पुढे न्यायची. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं. गावात हसू झालंच. दूधवाला विचारायचा, आज बाग कितव्या मजल्यावर गेली? पण दीड महिन्यात पालक आला, मुळा आला, आणि मशीनच्या पायांवर ठेवलेल्या खणांत घेवड्याने वेल फेकले. रोज सहाला फोन वाजायचा. रोज लाइनमन म्हणायचे, "नाही. आज वाकल्या नाहीत." आणि त्यांच्या आवाजात जी ऐट असायची ती मला भिंतीपलीकडून कळायची.

घेवड्यावरून मात्र आमचं वाजलं. वेलांना चढायला लाइनमनांनी खणांच्या टोकांना दांडे ठोकून त्यांच्यामध्ये तारा ओढल्या. उत्तम काम. फक्त तारा मध्ये खाली लोंबत होत्या.

"झोळ आहे," मी म्हटलं.

"झोळ लागतो. वाऱ्यात तारेला हलायला जागा लागते."

"भाऊजी, चाळीस वर्षांत माझ्या हातून झोळ असलेलं एक कापड बाहेर गेलं नाही. मला रोज स्वयंपाकघरातून हे बघायचंय. ताणा."

"वहिनी, ऐका..."

"ताणा."

त्यांनी ताणलं. माझी जीभ त्यांच्या पस्तीस वर्षांच्या ज्ञानापेक्षा जड पडली. तारा सरळ रेषेत उभ्या राहिल्या आणि मी समाधानाने चहा प्याले. ती चूक माझी, त्यांची नाही.

आणखी एक गोष्ट चालली होती, ती भाऊजींना माहीत नव्हती. दर पंधरा दिवसांनी मी ब्लडप्रेशर मोजायला गावातल्या दवाखान्यात जाते. तिथली सिस्टर माझ्यासारखीच फटकळ. तिने शहरातल्या डॉक्टरांचा कागद वाचला आणि म्हणाली, "वाकू नका असं कुठे लिहिलंय, मावशी? पटकन उठू नका असं लिहिलंय."

"मुलगा म्हणतो, वाकायचं नाही."

"मुलगा घाबरलाय. घाबरलेला माणूस अर्धंच वाचतो." आणि तिने तिथल्या तिथे शिकवलं. आधी कशाला तरी धरा. डावा गुडघा टेका, मग उजवा. काम करा. उठताना आधी एक पाय रोवा, तिथे थांबा, दहा श्वास घ्या. मग उभं राहा. उभं राहिल्यावर पुन्हा दहा श्वास, आणि तोवर धरलेलं सोडायचं नाही.

मी घरी येऊन मुलाला फोन करून हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, सिस्टरला काय कळतं. त्याऐवजी रोज दुपारी स्वयंपाकघराचा पडदा ओढून, टेबलाला धरून मी गुडघे टेकायला आणि उठायला लागले. मुलाशी ठरलेली बोली बागेपुरती होती, तरी पडदा ओढला. पहिल्या दिवशी दोनदा, महिन्याने वीसदा. जमायला लागलं. पण पडदा ओढताना दर वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गुडघ्यांवर बसायला मी चोरासारखी पडदा ओढते. ज्याला मी चालायला शिकवलं त्याच्या धाकाने.

तीन महिने पुरे व्हायच्या दिवशी मुलगा येणार होता. त्या सकाळी कुंपणाशी लाइनमन चहा न पिताच उभे होते.

"गुडघा?" मी विचारलं.

"रात्रभर झोपू दिलं नाही. मोठं काहीतरी येतंय."

"रेडिओवर आभाळ निरभ्र सांगितलंय."

"रेडिओला गुडघा नाही," ते म्हणाले. "वहिनी, त्या तारा सैल करू का?"

"मुलगा येऊन बघून जाऊ दे. मग करा."

मुलगा चारला आला. मी त्याला बाग दाखवली. रिळं, टाकी, खण, पालक, मुळा, आणि ताठ तारांवर चढलेला फुलांनी भरलेला घेवडा. तो सगळीकडे फिरला, एका खणाच्या कडेला हात लावला, तिची उंची माझ्या कमरेशी ताडून पाहिली आणि हसला. त्याच्या वडिलांसारखा हसला. मला वाटलं, जिंकले.

"एकदाही नाही?" त्याने लाइनमनांना विचारलं.

"बोली ठरल्यापासून पहिला दिवस सोडला तर एकदाही नाही."

तेवढ्यात पश्चिमेकडून वारा आला. आधी धूळ, मग पत्रे वाजले, मग कुंपण हललं. आभाळ बघता बघता काळं झालं. घेवड्याचा वेल दाट होता, वाऱ्याने त्याला पकडलं, आणि तार जर सैल असती तर हलली असती. ती हलली नाही. तिने दांडा ओढला, दांड्याने खण ओढला, आणि मशीनच्या पायांवरून अख्खा खण उलटा होऊन जमिनीवर आला. माती फुटली. मुळं उघडी पडली. पावसाचे मोठे थेंब सुरू झाले.

लाइनमनांनी खाली बसायचा प्रयत्न केला. गुडघ्याने साथ दिली नाही, ते कुंपणाला धरून तसेच राहिले.

"आई, आत चल," मुलगा म्हणाला. "सोड ते. मी तुला नवीन रोपं आणून देतो."

मी त्या मुळांकडे पाहत होते. पाच मिनिटं त्यांना असं ठेवलं की संपलं. फुलं धरलेली, शेंगा आठवड्यावर आलेल्या. आणि मला एकदम कळलं की या तीन महिन्यांत मी काय केलं. जमीन वर उचलली, माती वाहिली, कमरेची मापं घेतली, आणि हे सगळं कशासाठी, तर सहाच्या फोनला योग्य उत्तर जावं म्हणून. मला वाटलं होतं मी त्याला हरवतेय. खरं तर मी त्याचंच ऐकत होते, जरा उंचावरून.

मी रिळाला धरलं. डावा गुडघा टेकला.

"आई."

उजवा टेकला.

"आई, काय करतेस? आज शेवटचा दिवस आहे."

"माहीत आहे मला, कितवा दिवस आहे ते."

चिखल साडीतून आत शिरला, गार. मी खण सरळ केला, हातांनी माती आत लोटली, एकेक रोप उचललं, मुळं झाकली, दाबली. आठ रोपं होती. एक मोडलं होतं. मुलगा माझ्यावर आपला कोट धरून उभा होता. मग तो वरूनच बोलला, पावसात मला जेमतेम ऐकू आलं.

"मला फोनची भीती वाटते, आई. सहाला फोन लावतो आणि काकांनी उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तू तासभर पडून होतीस. एक तास. मी तेव्हा जेवत होतो."

त्याचं हे मला माहीत नव्हतं. राग बराचसा ओसरला, पण उरलेला पुरेसा होता.

"पडले होते," मी म्हटलं. "पुन्हाही पडेन. कोबीत पडेन, नाहीतर तुझ्या चौथ्या मजल्यावरच्या मोरीत पडेन. मला कोबी बरी."

मी एक पाय रोवला. त्याने धरायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस."

दहा श्वास घेतले. पाऊस तोंडावर येत होता. रिळाला धरून उभी राहिले. पुन्हा दहा श्वास. मुलगा माझ्या चेहऱ्याकडे असा बघत होता की बहुतेक तोच श्वास घ्यायचा विसरला होता. अंधारी आली नाही. मग मी रीळ सोडलं.

"वाकले," मी म्हटलं. "बोली बोली असते, ती मी मोडली. पण सामान बांधणार नाही. तुला रागवायचं तर रागव."

त्याने चिखलाने भरलेल्या माझ्या साडीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे वळला, जणू तिथून काही मदत मिळेल. लाइनमन नखशिखांत भिजले होते. घड्याळात सहा वाजायला वेळ होता, पण त्यांनी रोजच्यासारखाच घसा साफ केला.

"आज वाकल्या," ते म्हणाले. "एकदा. आणि स्वतःच्या स्वतः उठल्या. ते तू कधी विचारलं नव्हतंस."

मुलगा रात्री राहिला. मी टेबलाला धरून त्याला सिस्टरने शिकवलेलं करून दाखवलं, पडदा न ओढता. त्याने ते मला तीनदा करायला लावलं. सकाळी जाण्याआधी लाइनमनांबरोबर त्याने तारा पुन्हा ओढल्या, आणि मी स्वयंपाकघरातून बघितलं तर त्यांच्यात चांगला हातभर झोळ होता. मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी सहाला लाइनमनांचा फोन वाजला. मी आधीच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले होते. फोन मीच उचलला.

"मी बोलतेय. आज सात वेळा," मी म्हटलं. "अजून खाली जमिनीत मुळ्याची एक ओळ पेरायची राहिलीय."

मला वाटलं, आता भांडण. मी तयारीत होते.

"घेवडा जगला का?" त्याने विचारलं.

"सात वेल जगले. बाकीचं काकांना विचार, ते खोटं बोलत नाहीत," मी म्हटलं, फोन लाइनमनांच्या हातात दिला आणि उजेड होता तोवर मुळ्याची ओळ उरकायला गेले.